गावातल्या तरुण मंडळात पोरांच्या कामाची दखल कशी घ्यायची

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे सत्कारांचा सीझन चालू होतो. स्टेजवर पंधरा पाहुणे, आधी त्यांचाच सत्कार, मग त्यांची भाषणं, आणि पोरांची नावं वाचायची वेळ येते तेव्हा निम्मी बाया-माणसं उठून घरी गेलेली असतात, कारण गुरांना वैरण टाकायची असते. मग सूत्रसंचालक घाईघाईत यादी वाचतो, पोरगं पळत येतं, ट्रॉफी घेतं, फोटो निघतो, खाली. ट्रॉफीवर त्याच्या नावापेक्षा देणाऱ्याचं नाव मोठं. आणि यादीत कोण, तर ज्यांना ८५ टक्क्यांच्या वर मार्क पडले ते, म्हणजे ज्यांचं कौतुक शाळेत, क्लासमध्ये, मामाकडे, सगळीकडे आधीच होऊन गेलेलं असतं.

मार्कांच्या सत्काराला माझा विरोध नाही, ते शाळेने करावं, सोसायटीने करावं, करतातच. पण तरुण मंडळ, युवक मंडळ, युवती मंडळ जे काही तुमच्याकडे असेल त्याने वर्षभर पोरांकडून जी कामं करून घेतली त्यांची दखल मंडळानेच घ्यायची असते, ती दुसरं कोणी घेणार नाही. आणि दखल म्हणजे ट्रॉफी नव्हे. तू नेमकं काय केलंस ते आम्ही पाहिलंय, एवढं पोराला आणि त्याच्या घरच्यांना कळलं की झाली दखल. खाली जे लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

आधी वही

सुरुवात कार्यक्रमापासून करू नका, वहीपासून करा. दुकानात मिळतं ते साधं दोनशे पानी रजिस्टर घ्यायचं, त्यात रकाने पाडायचे: तारीख, नाव, काय केलं, साधारण किती वेळ दिला, आणि कोणी पाहिलं. हा शेवटचा रकाना फार कामाचा आहे, तो का ते पुढे सांगतो. वही एका मुलाकडे आणि एका मुलीकडे अशी दोघांकडे ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी माणसं बदला, नाहीतर होतं काय की वही अध्यक्षाच्या घरी जाते आणि मग त्यात अध्यक्षाच्या दोस्तांचीच नावं वाढत जातात.

वहीत काय लिहायचं इथेच बरीच मंडळं अडकतात कारण आपल्या डोळ्यांना फक्त मोठी कामं दिसतात, कबड्डीत जिल्ह्याला निवड झाली, भरतीत लागला, वगैरे. पण बघा ना, ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ मध्ये राज्यभर आलं तेव्हापासून गावोगावी काय चाललंय, शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर उभ्या पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करायची, आता ज्या आजोबांना साधा फोन उचलता येत नाही ते काय करणार? तर गावातलं कुठलं तरी एक अकरावी-बारावीचं पोरगं दुपारभर बांधाबांधाने फिरून दहा-वीस जणांची नोंद करून देतं, मुदत संपायच्या आत, रेंज नसली की झाडावर चढून. ही कामगिरी आहे. पीक विम्याच्या वेळी किंवा अनुदानाच्या वेळी त्या नोंदीवाचून माणूस अडतो. पण हे वहीत कोणी लिहीत नाही कारण यात शिट्टी नाही, टाळ्या नाहीत.

अजून काय काय असतं: अभ्यासिकेचं कुलूप रोज पहाटे उघडणारा, गणपतीचा हिशेब पावतीनिशी शेवटच्या रुपयापर्यंत जुळवणारी, रक्तदान शिबिराला घरोघर फिरून बायकांना तयार करणारी, लेझीम पथकात लहान पोरांना पाय टाकायला शिकवणारा, उन्हाळ्यात शाळेमागच्या झाडांना सायकलला कॅन बांधून पाणी घालणारा. यांची नावं वहीत आली पाहिजेत, आणि त्याच दिवशी आली पाहिजेत, वर्षाच्या शेवटी आठवून लिहायला बसलात तर जे बोलके आहेत तेच आठवतात.

दर महिन्याच्या मीटिंगला ही वही मोठ्याने वाचायची. पाच-सात मिनिटांचं काम. खरं सांगायचं तर वार्षिक कार्यक्रमापेक्षा या वाचनानेच पोरं जास्त टिकतात, कारण काम ताजं असतं, सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि कोणी खोटं लिहिलं असेल तर तिथल्या तिथे हशा होतो.

माप आधी सांगा

कशासाठी काय मिळणार ते वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये गावं उन्हातान्हात का राबली याचं एक कारण हेही होतं. २०१६ ला वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत स्पर्धा सुरू झाली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, पण सांगायचा मुद्दा असा की श्रमदानाला वेगळे गुण, मशीनच्या कामाला वेगळे, शोषखड्ड्यांना वेगळे, असं सगळं आधी मांडलेलं होतं. त्यामुळे जे गाव जिंकलं नाही त्यालाही आपण कुठे आहोत ते समजत होतं.

दुसरं उदाहरण लांबचं आहे पण फार पटण्यासारखं आहे. अमेरिकेत गावाकडच्या पोरांचे फोर-एच म्हणून क्लब असतात, १९०२ मध्ये ओहायोत एका शाळांच्या अधीक्षकाने मुलांना घेऊन जो क्लब काढला तिथून त्याची सुरुवात धरतात. ही पोरं वासरं, कोंबड्या, भाज्या, शिवणकाम असं काय काय वर्षभर करून जत्रेत मांडतात. तिथे बऱ्याच ठिकाणी एक पद्धत आहे, तिला डॅनिश पद्धत म्हणतात, त्यात पोरांची आपापसात तुलना करत नाहीत, प्रत्येकाचं काम ठरलेल्या मापाशी लावून बघतात आणि निळी, लाल किंवा पांढरी रिबीन देतात. उत्तम असेल तर निळी. दहा जणांचं उत्तम असेल तर दहा निळ्या. एकाचंही नसेल तर एकही नाही. पहिला-दुसरा-तिसरा ही भानगडच नाही.

आपल्याकडे हे सहज जमतं. समजा झाडांचं काम आहे, तर ठरवा की लावलेल्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त पुढच्या जूनमध्ये जिवंत असतील तर प्रशस्तिपत्रक, ऐंशी टक्के असतील तर त्यावर विशेष शेरा. मग दोन पोरांनी केलं काय आणि बारा जणांनी केलं काय, सगळ्यांना मिळेल. कबड्डी, क्रिकेट, रांगोळी यात पहिला-दुसरा राहू द्या, तिथे ती मजाच असते, पण सेवेच्या कामात नंबर काढू नका. तिथे नंबर काढला की पुढच्या वर्षी तिसऱ्या नंबरचा पोरगा येतच नाही.

आणि एक माप पोराचं स्वतःचं पण असतं. भरतीची तयारी करणारी पोरं प्रत्येक गावात आहेत. एक पोरगा सोळाशे मीटरला साडेसात मिनिटं घेत होता आणि वर्षभरात तो सहावर आला, पण लागला नाही. लागलेल्याची मिरवणूक निघते, फटाके वाजतात, आणि हा बिचारा घरात बसलेला असतो. त्याने कमी केलेला दीड मिनिट वहीत असला पाहिजे आणि महिन्याच्या मीटिंगला वाचला गेला पाहिजे. मुलींचं आठशे मीटरचं तसंच. वेळ लावून बघायला कोणीतरी ठेवा, मोबाईलमध्ये स्टॉपवॉच असतंच.

काय बोलायचं ते लिहून काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

आपल्या प्रशस्तिपत्रकांवर छापलेलं असतं: "आपण सामाजिक क्षेत्रात केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल आपणांस सन्मानपूर्वक गौरविण्यात येत आहे." हे वाक्य गावातल्या कोणालाही लावा, चालतं. म्हणजेच ते कोणाचंच नाही. त्याऐवजी वही उघडा आणि लिहा: "मार्च ते जून शाळेमागच्या झाडांना एक दिवसाआड सायकलवरून पाणी घातलं. साठ झाडांपैकी एक्केचाळीस जगली. मे महिन्यात बोअर आटलं तेव्हा खालच्या वस्तीवरून पाणी आणलं." बस. तीन वाक्यं. कधी, काय, आणि त्याने काय झालं. अडचण कुठली आली होती ते एक जमलं तर टाका, कारण अडचण ऐकली की माणसांना काम कळतं. "उल्लेखनीय", "मोलाचं योगदान", "युवा नेतृत्व" हे शब्द दिसले की खोडून टाका.

स्टेजवर पण हेच वाचायचं. आणि ते कोणी वाचायचं? पाहुण्यांनी नाही. त्यांना पोरगं माहीत नसतं, ते नाव चुकवतात, मग स्वतःच्या लहानपणात शिरतात. वहीच्या शेवटच्या रकान्यात ज्याचं नाव आहे, म्हणजे ज्याने काम डोळ्यांनी पाहिलं, त्याला बोलवा. ई-पीक पाहणीवाल्या पोराबद्दल त्या आजोबांनीच माईकवर यावं आणि आपल्या भाषेत सांगावं, "ह्यो आला नसता तर माझी नोंदच राह्यली असती." आजोबा चार शब्द बोलून खाली बसतील, पण त्या चार शब्दांना जे वजन आहे ते तालुक्याहून आलेल्या माणसाच्या अर्ध्या तासाला नाही. अंगणवाडीताई, झेडपी शाळेचे गुरुजी, दूध डेअरीवरचा माणूस, पोस्टमन, असे साक्षीदार गावात भरपूर असतात. त्यांना आदल्या दिवशी आठवण करा आणि सांगा की दोन मिनिटं, जास्त नाही.

कार्यक्रम कधी, कसा

वर्षातून एक मोठा कार्यक्रम पुरे. १२ जानेवारी चांगला दिवस आहे, जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंती एकाच दिवशी येते आणि १९८५ पासून तो राष्ट्रीय युवा दिन पण आहे. फक्त बघा की त्या वेळी तुमच्याकडे ऊसतोड चालू असते का, अर्धं गाव कारखान्यावर असेल तर त्या पोरांचे आईवडील येणार कसे? मग गणपतीतली एखादी संध्याकाळ धरा किंवा गावची यात्रा, यात्रेला तर मुंबई-पुण्याची पण सगळी येतात. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत करायचं असेल तर विषय आधी सरपंच-ग्रामसेवकांशी बोलून घ्या, आणि सभेच्या सुरुवातीलाच उरकून घ्या, कारण एकदा रस्त्याचा आणि गटारीचा विषय निघाला की पोरांना कोण विचारतंय.

वेळ संध्याकाळी धारा काढून झाल्यावरची. सकाळी अकराला ठेवलात तर रोजावर जाणारी आई येऊ शकत नाही, तिचा दिवस बुडतो, आणि जिच्यासमोर हे सगळं व्हायला हवं तीच तिथे नसते. घरच्यांना निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळे होऊ नका, पोरांना घरी पाठवा, तोंडाने सांगून या.

क्रम उलटा करा. आधी पोरं, मग पाहुणे. पाहुण्यांचा सत्कार शेवटी एकत्र, एकेक गुलाबाचं फूल देऊन, नारळ-शाली कमी केल्या तर त्या पैशात बरंच काही होतं. पाहुणे रागावतील असं वाटत असेल तर आधीच प्रेमाने सांगून ठेवा, बहुतेक जण समजून घेतात आणि जे नाही घेत त्यांना पुढच्या वर्षी बोलवू नका! फ्लेक्स लावायचाच असेल तर त्यावर पोरांची नावं आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ काम, शुभेच्छुकांचे फोटो नकोत. यावरून मंडळात भांडण होणार हे धरून चाला, कारण फ्लेक्सचे पैसे शुभेच्छुकच देतात. म्हणून फ्लेक्स नाही लावला तरी काही बिघडत नाही, शाळेच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहा.

द्यायचं काय

मोमेंटो देऊच नका असं म्हणत नाही पण ज्या पैशात प्लास्टिकची सोनेरी ट्रॉफी येते तेवढ्यात उपयोगाची वस्तू येते. भरतीवाल्याला पळायचे मोजे, आयटीआयवाल्याला पक्कड-टेस्टर, स्पर्धा परीक्षेवालीला एखाद्या परीक्षेच्या फॉर्मची फी, रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या पोरीला चांगली छत्री. त्याला काय लागतं हे शोधायला कोणीतरी त्याच्या दोस्ताला विचारलेलं असतं, म्हणून ती वस्तू लक्षात राहते. रोख रक्कम टाळा. पाचशे रुपये दिले की लोक कामाची किंमत पाचशे धरतात, आणि पुढच्या वर्षी वाढवून मागतात. वस्तूही फार महाग नको, सगळ्यांच्या साधारण एकाच किमतीच्या ठेवा, कोणाला काय मिळालं याची चर्चा गावात आठवडाभर चालते हे तुम्हालाही माहीत आहे.

भावकी, गट आणि इतर दुखणी

निवड करायला पाच जण घ्या आणि ते वेगवेगळ्या आळीतले, वाडीवस्तीवरचे असू द्या, त्यात किमान दोन मुली, आणि एखादा मोठा माणूस, निवृत्त शिक्षक वगैरे, ज्याला निवडणूक लढवायची नाही. ज्याचा भाऊ-बहीण, चुलतभाऊ यादीत असेल त्याने त्या नावापुरतं बाहेर बसायचं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल तर कार्यक्रम सरळ पुढे ढकला, दोन्ही पॅनेलवाले स्टेज मागायला येतात.

शेवटचा रकाना इथे कामाला येतो. कोणी म्हणालं की याचंच नाव का, आमच्याचं का नाही, तर वही पुढे ठेवायची, तारीख आणि पाहणाऱ्याचं नाव दाखवायचं. आणि खरंच कोणाचं काम लिहायचं राहून गेलं असेल तर वाद न घालता तिथेच नोंद करायची, पुढच्या महिन्यात वाचायची.

वाडीवरची पोरं, मंडळाच्या कट्ट्यावर न बसणारी पोरं, दुसऱ्याच्या शेतावर राबणारी पोरं, यांची नावं आपोआप येत नाहीत. यादी पुरी झाली की ती वस्त्यांप्रमाणे मांडून बघा. एका वस्तीचं एकही नाव नसेल तर तिथे कोणी काम केलं नाही असं नसतं, तिथे वही पोचली नाही असं असतं.

मुलींच्या बाबतीत

मंडळाच्या मीटिंग रात्री नऊला होत असतील तर मुलींची कामं वहीत येणारच नाहीत, त्यामुळे वेळ बदला. मुलीचा फोटो, पूर्ण नाव, कॉलेज, गाव असं सगळं स्टेटसला किंवा फेसबुकला टाकायच्या आधी तिला विचारा, अठराच्या आतली असेल तर आईवडिलांनाही विचारा, आणि नको म्हणाली तर का म्हणून विचारत बसू नका. मोबाईल नंबर तर कोणाचाच टाकू नका, मुलाचाही नाही. आणि स्टेजवर "आमच्या भगिनीने घर सांभाळून" वगैरे सुरू करू नका, तिने हिशेब जुळवला ना, मग हिशेबाबद्दल बोला.

काही पोरांना स्टेज नकोच असतं, मुलं काय मुली काय. घाम फुटतो त्यांना. अशांना ओढून वर नेऊ नका. एक हाताने लिहिलेलं पत्र, मंडळाच्या सहीशिक्क्याचं, दोघांनी घरी जाऊन द्यायचं आणि चहा पिऊन यायचं.

कागद पुढे कामाला येतो

प्रशस्तिपत्रकावर तारीख, कामाचा काळ, साधारण तास आणि मंडळाचा नोंदणी क्रमांक असेल तर तो, एवढं असू द्या. शाळेच्या कामाला मुख्याध्यापकांची सही घ्या, ग्रामपंचायतीच्या कामाला त्यांची. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास मोजून काम करावं लागतं, आपलं काम त्यात धरायचं की नाही ते त्यांचे कार्यक्रम अधिकारी ठरवतात, पण तास लिहून ठेवायची सवय तिथून उचलण्यासारखी आहे. नेहरू युवा केंद्रं १९७२ पासून गावोगावच्या मंडळांसोबत काम करत आली, आता ते बरंचसं मेरा युवा भारतच्या नावाने चालतं, त्यांच्या पोर्टलवर १५ ते २९ वयाच्या पोरांची नोंदणी करून घ्या म्हणजे शिबिरं, कार्यक्रम कळत राहतात.

राज्य सरकारचा जिल्हा युवा पुरस्कार पण असतो, जिल्ह्यातून एक युवक, एक युवती आणि एक संस्था. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात. तिथे कामाचे पुरावे मागतात, फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रं, आणि नेमकी इथेच गावाकडची चांगली चांगली पोरं मागे पडतात कारण काम भरपूर पण कागद शून्य. वर्षभर वही लिहिली असेल तर फाईल एका दिवसात तयार होते. मंडळाने स्वतःहून एक-दोन पोरांचे अर्ज भरून द्यावेत, पोरं स्वतः भरत नाहीत, स्वतःचं कौतुक स्वतःच कसं लिहायचं म्हणून लाजतात.

आणि ज्याने काम चांगलं केलं त्याला पुढच्या वर्षी मोठं काम द्या. झाडं जगवणाऱ्याकडे रोपवाटिकेची जबाबदारी, हिशेब जुळवणारीला खजिनदार करा, नुसती सदस्य नाही, बँकेच्या पासबुकावर सहीसकट. पोरांना हे शालीपेक्षा जास्त कळतं.

काही जण कार्यक्रमाला नसतात. कोणी चाकणला कंपनीत लागलेलं, शिफ्ट सुटत नाही, कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न होऊन ती सासरी गेलेली. त्यांची तीन वाक्यं पण स्टेजवर तशीच वाचायची, त्यांच्या घरच्यांना उभं करून, आणि त्याचा व्हिडिओ त्याच रात्री पाठवायचा. कागद मात्र मंडळाच्या कपाटात ठेवू नका, जो कोणी तिकडे जाणारा असेल त्याच्या हाती द्या, नाहीतर पुढच्या गणपतीत मखर काढताना तो सापडतो.